धूळपूरच्या साहेबाची गाऱ्हाणी

एका इंग्रजी पुस्तकातील गावाच्या नावाने तरुणपणी माझी चांगलीच फसगत केली होती. पुस्तकाचे नाव ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रॉन्टियर’, म्हणजे ‘माझ्या सरहद्दीवरील टोळ्या’. आणि ज्या आडवळणी ठाण्यात बसून लेखक आपली हकीकत सांगतो त्याचे नाव त्याने दिले होते ‘डस्टीपूर’. डस्ट म्हणजे धूळ. तेव्हा हे धूळपूर आमच्या धुळ्याखेरीज दुसरे कोणते असणार? नरडाण्याच्या माणसास यात शंका येण्याचे कारणच नव्हते. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता आणि सुरतेहून भुसावळास जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे ही जेथे एकमेकांस छेदतात तेथे आमचे गाव वसले आहे. वैशाखातल्या दुपारी दाराबाहेर नजर टाकावी, तर जमीन आणि आकाश यांच्यामध्ये धुळीवाचून दुसरे काही दिसू नये. धुळ्यातील एका ग्रंथालयाने मोडीत काढलेल्या ढिगातून ही प्रत मी उचलली, ती केवळ आपल्या जिल्ह्याविषयी कोणा साहेबाने काय लिहिले आहे या कुतूहलाने. पुढे कळले की, हे धूळपूर म्हणजे कच्छच्या लहान रणाच्या काठचे खाराघोडा. तेथे मिठाचे सरकारी आगर होते आणि आमचा लेखक मीठखात्याचा अंमलदार होता. माझी निराशा झाली खरी. पण तोपर्यंत अर्धे पुस्तक वाचून झाले होते, आणि ते खाली ठेववत नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसच्या वर गेला असता आणि वीज तासन् तास गेलेली असता, हेच पुस्तक आणि याच लेखकाचे ‘बिहाइंड द बंगलो’ ही दोन्ही मी पुन्हा वाचून काढली. पुन्हा वाचण्यास निमित्त घडले ते घरचेच आहे. ते मी पुढे सांगणार आहे. आधी लेखकाची ओळख करून देणे बरे, कारण आपल्याकडे त्याचे नाव पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या शौकिनांबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्याचे नाव. नावाच्या तीन आद्याक्षरांची सही करून तो लिहीत असे, आणि वाचकांनी त्या अक्षरांचा ‘ईहा’ करून टाकला. ईहा म्हणजे इच्छा, हे संस्कृत जाणणारांस सांगावयास नको. ज्या माणसाची अर्धी पुस्तके ‘हे एवढे नसते तर किती बरे झाले असते’ या इच्छेतून निघाली त्यास हे नाव शोभूनही दिसते. याचा जन्म १८५१ सालचा, आणि तो साताऱ्याचा. बाप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. मुलाचे शिक्षण प्रथम बापापाशी आणि पुढे मुंबई-पुण्यास झाले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्याने काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले, आणि १८७६ साली तो मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात शिरला. नंतरचे आयुष्य खाराघोडा, उरण, कारवारचा मुलूख, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी असे मिठाच्या मागोमाग हिंडण्यात गेले. अखेर तो कराचीस पोहोचला, १९०६ साली निवृत्त झाला आणि १९०९ साली एडिंबरो येथे वारला.

म्हणजे पाहा, कृष्णेकाठी जन्मलेला, मुळा-मुठेच्या काठी शिकलेला आणि शिकविणारा हा गृहस्थ. आपल्यापैकी कित्येकांपेक्षा त्याने महाराष्ट्र अधिक पायांखाली घातला होता. तरीही दोन्ही पुस्तकांत तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत परकाच आहे. येथले ऊन त्याचे नव्हे, येथले डास त्याचे नव्हेत, येथला धोबी तर मुळीच नव्हे. परकेपणा जन्मभूमीवरून ठरतो अशी आपली भाबडी समजूत असते. येथे तो ठरतो बंगल्यावरून. बंगल्याच्या कुंपणाआत जे काही परदेशचे म्हणून उभे केले आहे त्याचा बचाव करीत बसणे हाच या मनुष्याचा जन्मभराचा उद्योग. आणि ज्याचा बचाव करावयाचा त्याच्या बाहेरचे सगळेच, मग ते मुंगीचे वारूळ असो की माळ्याचे पोर असो, सरहद्दीपलीकडचे.

आपल्या वाङ्मयात परदेशाविषयीचे लेखन आहे, पण ते बहुतेक प्रवाशाचे आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून, जे चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले, तो पु. ल. देशपांडे यांच्या १९६३ च्या ‘पूर्वरंग’पर्यंत आपला लेखक वाटसरू म्हणून जातो, पाहतो आणि परत येतो. वाटसरूस गैरसोय ही मौज असते. ज्या डासाने एक रात्र छळले त्याचे वर्णन घरी येऊन हसत हसत करता येते. पण त्याच गावी जो दहा वर्षे राहिला, ज्याला तोच डास तीन हजार रात्री चावला, त्याची भाषा निराळी होते. तीत आश्चर्य उरत नाही. एक बारीक, चिकट, न संपणारी कुरकूर उरते. ही कुरकूर वाङ्मयाच्या योग्यतेस चढविणे कठीण, कारण तक्रार ऐकण्यास कोणासच आवडत नाही. ईहाने ती चढविली, आणि एवढ्यासाठीच तो वाचण्यासारखा आहे.

अशा गाऱ्हाण्यांचे इंग्रजीत एक लहानसे दालनच झाले होते. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन बाईसाहेबांनी १८८८ साली हिंदुस्थानातील गृहव्यवस्था व स्वयंपाक यांवर एक भले मोठे पुस्तक काढले; त्यात तक्रारीला शिस्तीचे रूप दिले आहे, आणि नोकरांस पोरांप्रमाणे वागवावे हा उपदेश तर ठिकठिकाणी आहे. उपयुक्त पुस्तक, पण वाचता वाचता शाळेतील छडीचा आवाज कानी येत राहतो. दुसरे टोक जॉर्ज अ‍ॅबरी-मॅके याचे. आमच्या याच आग्रारस्त्याने वर चालत गेले की इंदूर लागते. तेथील राजपुत्रांच्या शाळेवर हा होता, आणि तेथेच १८८१ च्या आरंभी, ऐन तारुण्यात, वारला. ‘ट्वेन्टी-वन डेज इन इंडिया’ या १८८० च्या पुस्तकात त्याने व्हाइसरॉयपासून खाली सर्वांची टर उडविली आहे. त्याची लेखणी ईहापेक्षा तिखट, पण ती अधिकाऱ्यांवर चालते; घरातल्या मुंगीकडे पाहण्यास त्यास सवड नाही. ईहा या दोघांच्या मधला. त्यास कोणाला शिकवावयाचेही नाही आणि कोणाला ओरबाडावयाचेही नाही. त्याला फक्त दुपारी शांतपणे झोपावयाचे आहे, आणि ते कोणी होऊ देत नाही.

‘सरहद्दीवरील टोळ्या’ १८८३ साली पुस्तकरूपाने निघाले. सालाकडे लक्ष द्यावे. अफगाणिस्तानचे दुसरे युद्ध संपून पुरती तीन वर्षे झाली नव्हती. सरहद्द, टोळ्या, स्वाऱ्या, बंदोबस्त, तह या शब्दांनी तेव्हाची वर्तमानपत्रे भरून वाहत होती. ईहाने ती सगळी राजकारणी परिभाषा उचलली आणि उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, बेडूक, ढेकूण व वाळवी यांना लावली. पुस्तकाचे उपनाव त्याने ‘एका हिंदी निसर्गशास्त्रज्ञाचे परराष्ट्रीय धोरण’ असे ठेवले आहे. दरबार भरतो, कोणाशी सलोखा ठेवावा, कोणास मांडलिक करावे, कोणावर चाल करून जावे याचा खल होतो, आणि शेवटी कावळा टेबलावरचा घास पळवितोच. यातली खोच अशी की, हसू उंदरांचे येत नाही, त्या भाषेचे येते. ज्या गंभीर शब्दांत सिमल्यास राज्य चालत होते तेच शब्द मोरीतल्या बेडकावर बसविले की ते किती पोकळ वाजतात, हे सरकारी नोकर असलेल्या या माणसाने दाखवून दिले. त्याचा तसा हेतू होता असे मी म्हणत नाही. चांगल्या विनोदाला लेखकाच्या हेतूच्या पुढे जाण्याची खोड असते.

पण या पुस्तकाचे खरे बळ भाषेच्या या खेळातही नाही. ते पाहण्यात आहे. मुंग्यांनी साखर खाल्ली म्हणून आपण चरफडतो, पाट आपटतो आणि विसरतो. हा मनुष्य चरफडतो आणि मग खाली वाकून रांग कोठून आली ते पाहू लागतो. कोणती मुंगी काळी, कोणती तांबडी, कोणती एकटी हिंडते, कोणती सैन्याने. पालीची शेपूट तुटून पडली म्हणजे किती वेळ वळवळते. पहिल्या पावसाबरोबर एवढे बेडूक आले कोठून. तक्रार करता करता त्याचे रूपांतर कुतूहलात होते, आणि कुतूहलाचे जिव्हाळ्यात. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईस आठ गृहस्थांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत प्रार्थनासमाजाचे डॉक्टर आत्माराम पांडुरंग होते, डॉक्टर सखाराम अर्जुन होते, आणि ईहा तिचा पहिला चिटणीस होता. ढेकणांना शिव्या देणाऱ्याच्या हातून अशी संस्था उभी राहावी, ही गोष्ट गाऱ्हाणी सांगणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

डासाची कथा तर याहून नवलाची. १८८३ साली डास हा केवळ उपद्रव होता. हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो असेच सर्व समजत, आणि डास त्याच हवेत राहणारा एक निर्लज्ज गवई. सातपुड्याच्या पायथ्याला आणि पश्चिम खानदेशच्या जंगलपट्टीत या तापाने किती माणसे झिजली हे आमच्याकडच्या जुन्या मंडळींस कोणी सांगावयास नको. तीही बिचारी पाण्यास आणि वाऱ्यास दोष देत. १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला आणि एका रात्रीत विनोदाचा विषय मृत्यूचा विषय झाला. पुढे १९०२ साली गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर मीठखात्याचे शिपाई तापाने हैराण होत, त्यांची ठाणी डासांपासून कशी दूर न्यावी याचा तपास करण्यास सरकारने पाठविले ते ईहासच. त्या फिरतीत त्यास डासाची एक नवी जात आढळली, आणि शास्त्रज्ञांनी तिला त्याचेच नाव दिले: अ‍ॅनोफिलीस एटकेनी. ज्याने आयुष्यभर एका शत्रूची निंदा केली त्याचेच नाव शेवटी त्या शत्रूच्या कुळात लागले. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर आम्ही टीकाकारांनी त्यास ओढून आणलेले म्हटले असते.

येथपर्यंत सर्व ठीक. आता ‘बिहाइंड द बंगलो’, म्हणजे ‘बंगल्याच्या पाठीमागे’. हे १८८९ साली निघाले. यातील प्रकरणे आधी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त येऊन गेली होती. पहिल्या पुस्तकात टोळ्या होत्या त्या किड्यामुंग्यांच्या. या पुस्तकात त्या नोकरांच्या आहेत. ‘बॉय’ नावाचा खासगी चाकर, कुत्र्याचा पोऱ्या, घोडेवाला, बुटलेर, स्वयंपाकी, मशालजी, हमाल, धोबी, आया, शिंपी, माळी, भिस्ती, न्हावी, गवळी: एकामागून एक प्रकरण, जसे मागे उंदीर, डास, पाली, मुंग्या. रचना तीच, तिरकस गांभीर्य तेच, उपमांची चलाखीही तीच. फक्त या खेपेस ज्यांना भिंगाखाली धरले आहे त्यांना बोलता येते.

हे असे का झाले याचा विचार करताना मला त्या काळच्या उन्हाळ्याची व्यवस्था आठवते. उकाडा झाला, तर उपाय काय? छताला टांगलेला पंखा; आणि त्याची दोरी बाहेर व्हरांड्यात बसून ओढणारा एक माणूस. झळा आल्या, तर दाराला वाळ्याचे ताटे. आणि त्यांवर दिवसभर पाणी मारणारा एक माणूस. पाणी लांब, तर पखाल वाहणारा एक माणूस. मुंग्या चढतात म्हणून कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावयाचे. त्या वाट्या भरणारा आणखी एक. दिवे, तर त्यांच्या काचा पुसणारा. या देशाने परक्याला दिलेल्या प्रत्येक त्रासावरचा उतारा हा एक हाडामांसाचा मनुष्य होता. मग सहज असे घडे की, पंखेवाल्याला डुलकी लागली की उकाड्याचा राग उकाड्यावर न जाता पंखेवाल्यावर जाई. उन्हास शिव्या देऊन काय उपयोग? ते ऐकत नाही. म्हणजे त्रासावर नेमलेला माणूस हाच हळूहळू त्रास होऊन बसतो, आणि किड्यांच्या यादीत त्याचे नाव केव्हा जाऊन पडले हे यादी करणारालाही कळत नाही. ईहाच्या दोन पुस्तकांमधील सहा वर्षांचे अंतर हे माझ्या मते एवढ्या एका पायरीचे अंतर आहे.

पण ईहा मूर्ख नव्हता, आणि दुष्टही नव्हता. आपण कोठे बसून लिहीत आहोत हे तो लपवीत नाही. ‘बॉय’विषयीच्या प्रकरणाचा आरंभ पाहावा. साहेब सहा फूट लांब आरामखुर्चीत पसरले आहेत. कानजीने आणून दिलेला चहा पोटात गेला आहे. जड बूट कानजीनेच सोडून नेले आहेत आणि त्यांच्या जागी सपाता चढविल्या आहेत. सर्व मनुष्यजातीविषयी मनात प्रेम दाटून आले आहे. आणि अशा या उच्चासनावरून साहेब कानजीच्या स्वभावाचे परीक्षण करावयास निघाले आहेत. हा परिच्छेद लिहिणाऱ्याला आपले आसन हास्यास्पद आहे हे कळत होते. ते इतके नेमके कळणारा दुसरा लेखक त्या दालनात मला आढळला नाही. मात्र कळूनही तो खुर्चीतून उठत नाही. पुढच्याच पानावर तो परीक्षणास लागतो, आणि आपणही, कबूल करावयास हवे, हसावयास लागतो.

हे हसू सगळीकडे सारखे टिकत नाही. धोब्यावरचे प्रकरण मला या पुस्तकातले सर्वांत उत्कृष्ट वाटते. धोबी कपडे धुतो हा भ्रम असून विध्वंस हाच त्याचा आत्मा आहे, काळ्या दगडापुढे उभा राहून तो सदरे-पाटलोणींवर जगाचा सूड उगवीत असतो, असा सिद्धांत तेथे मांडला आहे. येथे अतिशयोक्ती इतकी उंच चढते की खरा धोबी खालीच राहतो, त्यास धक्का लागत नाही. भिस्त्याचे प्रकरण त्याहून निराळे. भिस्ती हा शब्द फारसीतील स्वर्गवाचक शब्दापासून आला, तेव्हा भिस्ती म्हणजे स्वर्गीचा दूत. चित्रकार त्याला पंख काढतात ती त्यांची चूक, त्याच्या पाठीवर पंखांऐवजी पाण्याने फुगलेली पखाल असते, असे ईहा म्हणतो. खानदेशात ज्याने चैत्र-वैशाख काढला आहे त्यास यात थट्टा दिसणार नाही. साहेबाचा आवाज येथे एकदम खाली उतरतो, आणि तहानेपुढे बंगल्याची भिंत काही क्षण नाहीशी होते. उलट मशालजीचे प्रकरण घ्या. दिव्यांच्या काचा पुसणारा आणि ताटल्या विसळणारा हा सर्वांत खालचा चाकर. त्याचे नाव मख्खन, आणि हाती लागेल तेवढे लोणी तो पोटात घालतो, अशी त्याच्या नावावर कोटी आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. यंदा हसू आले नाही. ज्याला लोण्याचे नाव दिले त्यास घरी लोणी कितीदा मिळत असेल हा प्रश्न मध्ये येऊन उभा राहिला. आणि विनोदात असा प्रश्न एकदा शिरला म्हणजे तो प्रश्न जात नाही, विनोदच जातो.

यावर दोन प्रकारचे लोक माझ्यावर रागावतील. एक म्हणतील, परक्या सत्तेच्या नोकराने आमच्या गरिबांची चेष्टा करावी आणि तुम्ही तिची रसिकता वाखाणावी, हे लज्जास्पद आहे. असली पुस्तके वाळवीलाच द्यावी. (माझ्या प्रतीच्या कडा वाळवीने आधीच खाल्ल्या आहेत, आणि वाळवीवरचे प्रकरण तिने सोडलेले नाही.) दुसरे म्हणतील, विनोदाला असे तराजूत घालू नये; हसावे आणि पुढे जावे. पहिल्यांस माझे म्हणणे असे की, ज्या वाक्यांनी तुमचे डोके फिरते ती वाक्ये मराठीत करून आपापल्या घरी जेवणानंतर मोठ्याने म्हणून पाहावी. ‘एक काम सांगितले तर दुसरेच करते’, ‘मुद्दाम फोडते’, ‘नेमकी पाहुणे येतात त्या दिवशी आजी वारते, आणि तिला आज्या तरी किती’, ही वाक्ये कोणत्या बंगल्यातली? ती धुळ्याच्या, जळगावच्या, पुण्याच्या कोणत्याही सुशिक्षित घरातली आहेत. भांडी घासणाऱ्या बाईविषयी बोलताना आपण सगळेच सहा फूट लांब होतो. साहेबाने निदान खुर्ची दाखविली. दुसऱ्यांस सांगावयाचे ते थोडकेच आहे: मी हसलो नाही असे मी कोठे म्हटले?

एका प्रकरणाविषयी आमच्या भागातील माणूस म्हणून दोन शब्द लिहावेसे वाटतात. साहेबाला देशी भाषा शिकवावयास येणारा पंडित हाही या पुस्तकात चाकरांच्या रांगेतच बसविला आहे. ते चित्र अर्धे जिव्हाळ्याचे, अर्धे चावट आहे. त्या काळच्या अंमलदारांस देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश उशाशी घेऊन, पुणेरी शास्त्र्यांच्या तोंडून ऐकलेले शुद्ध मराठी घोकून हे लोक जिल्ह्यांत जात. असा एखादा साहेब धुळ्यास बदलून आला आणि त्याने शिंदखेड्याच्या बाजारात अहिराणी ऐकली म्हणजे त्याची काय गत होत असेल याची कल्पना करून मला बरे वाटते. कारण पुण्याहून येणारे आमचे स्वकीय अंमलदारही तसेच गोंधळत, आणि कित्येक अजून गोंधळतात. त्यांच्या गोंधळावर मात्र कोणी पुस्तक लिहिलेले नाही. धरणगावास १८२५ साली भिल्लांची पलटण उभी करणारा औट्रम दहा वर्षे खानदेशात राहिला, आणि भिल्लांबरोबर रानोमाळ शिकारी करीत हिंडला. त्याचा दबदबा येथे आरामखुर्चीतून झालेला नाही. पण औट्रमची गोष्ट तलवारीची आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय मुंग्यांचा. ती येथेच सोडतो.

आता जे घरचे निमित्त म्हणून म्हटले ते सांगतो. माझा एक भाचा, नरडाण्यातच लहानाचा मोठा झालेला, अभियंता होऊन दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेत दारेसलाम येथे एका कारखान्यात नोकरीस गेला. दर रविवारी त्याचा लांबलचक मजकूर मला येतो; मुलास लिहिण्याची हौस आहे. पहिले तीन महिने समुद्र, नारळ, आंबे आणि स्वाहिली भाषेतील गमती यांचे वर्णन होते. तेथे ‘दादा’ म्हणजे बहीण, आणि घरकाम करणाऱ्या मुलीस सारे ‘दादा’ म्हणूनच हाक मारतात, हे वाचून आमच्या घरी दिवसभर हसणे चालले होते. चौथ्या महिन्यापासून वर्णन आटले आणि कुरकूर सुरू झाली. वीज जाते. डासांमुळे मच्छरदाणीत कोंडून घ्यावे लागते. मुंग्या साखरेत, तांदळात, संगणकातसुद्धा. ज्याला विचारावे तो ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे म्हणतो. मग हळूहळू माणसे येऊ लागली: रात्रीचा पहारेकरी झोपतो; माळी झाडांना पाणी घालतो की नाही देव जाणे; दादाने इस्त्रीने सदरा जाळला, आणि वर हसली. ‘मामा, ही माणसे अशीच,’ हे वाक्य पहिल्यांदा आले तेव्हा मी ते वाचून पुढे गेलो. तिसऱ्यांदा आले तेव्हा उठलो आणि कपाटातून ही दोन पुस्तके काढली.

त्यास उपदेश करावा असे मला वाटले नाही. खानदेशच्या उन्हात वाढलेल्या पोरास उकाडा सहन होत नाही असे नाही. त्यास एकटेपण सहन होत नसावे, आणि एकटेपणाची तक्रार करण्यास पुरुषमाणसास लाज वाटते म्हणून तो सदऱ्याची करीत असेल. शिवाय तिकडच्या लोकांच्या दृष्टीने तोही एक परका ‘म्हिंदी’च, त्याची गाऱ्हाणी त्यांच्या घरी कशी सांगितली जात असतील, कोणास ठाऊक. मी ‘टोळ्यां’तील मुंग्यांचे प्रकरण आणि ‘बंगल्या’तील आरामखुर्चीचे प्रकरण, अशी दोन प्रकरणे छायाचित्रे काढून त्यास पाठविली, आणि सोबत एवढेच लिहिले की लेखक सातारचा आहे.

दोन रविवार काहीच आले नाही. तिसऱ्या रविवारी मुंग्यांविषयी लांब मजकूर आला. त्याच्या स्वयंपाकघरात तीन जातींच्या आहेत. त्यांतील एकीस गोडाचे वेड नसून ती फक्त मेलेले झुरळ नेते. आणि तिचे तिकडचे नाव त्याने ‘दादा’ला विचारून लिहून घेतले होते. त्या मुलीचे नाव नीमा असल्याचे त्याच ओळीत, जाता जाता, होते. वर्षभराच्या पत्रव्यवहारात ते मला प्रथमच कळले. दुसऱ्या प्रकरणाविषयी मजकुरात चकार शब्द नव्हता. फक्त अगदी शेवटी, सही करून झाल्यावर, एक ओळ होती: ‘मामा, या कानजीचे पुढे काय झाले?’

मी अद्याप त्यास उत्तर लिहिलेले नाही.